शापापासून शल्यकर्मापर्यंत

डोळे आले की शेजारीण औषध सांगते, हाड मोडले की सारा गाव विचारपूस करायला येतो. परंतु पुरुषाच्या वृषणकोशाला सूज आली तर तो पुरुष ते आपल्या पत्नीलाही सांगत नाही. तो सदरा लांब शिवून घेतो, चारचौघांत उठणे-बसणे टाळतो, चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि लग्नकार्याला न जाण्यासाठी निमित्ते शोधतो. अशी वर्षे जातात. व्याधी वाढत राहते आणि माणूस आक्रसत राहतो.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. ज्या रोगाने पाय हत्तीसारखे होतात आणि ज्याच्या एका प्रकाराने पुरुषाचा वृषणकोश घड्याएवढा वाढतो, त्या रोगाशी आपल्या देशात एका प्रेषिताचे नाव चारशे वर्षांपूर्वी जोडले गेले, आणि तेही शापाच्या संदर्भात. तो शाप कसा लागला आणि मानवी हातांनी तो कसा उतरवला, याची कथा आपण जाणून घेतली पाहिजे.

'थोमाचा पाय'

पोर्तुगीज भारतात आले तेव्हा मलबार किनाऱ्यावर त्यांना सुजलेल्या पायांची माणसे जागोजाग दिसली. टोमे पिरेश हा पोर्तुगीज ग्रंथकार पेशाने औषधे तयार करणारा होता. १५१२ ते १५१५ या काळात लिहिलेल्या आपल्या वर्णनग्रंथात तो सांगतो की मलबारातील सुमारे चौथा किंवा पाचवा हिस्सा लोकांचे पाय असे प्रचंड सुजलेले असून त्यात नायर, ब्राह्मण, त्यांच्या स्त्रिया आणि खालच्या मानलेल्या जातींचे लोक असे सर्वच आहेत. कारण विचारता लोक पाण्याकडे बोट दाखवतात, असेही तो नोंदवतो. हे उत्तर अपुरे होते, तरी सत्याच्या फार दूर नव्हते.

त्यानंतर सत्तर वर्षांनी यान लिन्शोटेन हा डच तरुण गोव्यात आला. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या पदरी तो १५८३ पासून चिटणीस होता. मायदेशी परतल्यावर १५९६ साली त्याने आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. मैलापूर येथे संत थोमाचा वध करणाऱ्यांचे वंशज एक पाय गुडघ्यापासून खाली हत्तीच्या पायासारखा घेऊनच जन्माला येतात, हा त्यांच्या पूर्वजांच्या पापाचा दंड आहे, अशी लोकसमजूत त्याने त्यात नमूद केली. पुढे युरोपीय लिखाणात या रोगाला 'संत थोमाचा पाय' असेच नाव पडले.

ज्याने दूरदेशीचा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर शुभवर्तमान आणले, तो प्रेषित आपल्या मारेकऱ्यांच्या न जन्मलेल्या नातवंडा-पतवंडांना पांगळे करील, ही कल्पना शुभवर्तमानाशी जुळते काय? योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य वाचकांना आठवत असेल. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. रविवारी हा उतारा ऐकणारे लोक सोमवारी रोग्याच्या खानदानातले पाप शोधू लागत, हा मानवी स्वभाव आहे. शापाची समजूत समाजाला सोयीची असते. एकदा शाप म्हटला की औषध शोधण्याचे कारण उरत नाही, आणि रोग्याला दूर ठेवण्याचे कारण आपोआप मिळते.

रोग कोणता?

पुढील कथा समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. वृषणाभोवती एक पातळ दुपदरी पिशवी असते. त्या पदरांमध्ये पाणी साठले की जी सूज येते तिला हायड्रोसील म्हणतात. आपल्याकडे तिला अंडवृद्धी म्हणण्याचा प्रघात आहे. दुसरा प्रकार हत्तीरोगाचा. त्यात पिशवीत नव्हे तर वृषणकोशाच्या कातडीत व तिच्याखालच्या थरात लसिका साचून राहते. कातडी जाड, खरखरीत, सुरकुतलेली होते आणि तिचे ओझे वर्षानुवर्षे वाढत जाते. पहिल्या प्रकाराची कारणे अनेक आहेत; हत्तीरोगाचा जंतू हे त्यांपैकी एक. दुसरा प्रकार आपल्या देशात मुख्यतः त्याच जंतूमुळे होतो.

पहिल्या प्रकारावर या भूमीत फार प्राचीन काळी शल्यकर्म होत असे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणिसाव्या अध्यायात वृद्धी व श्लीपद, म्हणजे अंडवृद्धी व हत्तीपाय, यांची चिकित्सा एकत्रच सांगितली आहे. पाणी साठणाऱ्या प्रकाराला तेथे मूत्रवृद्धी असे नाव आहे. आधी शेक द्यावा, वस्त्राने गुंडाळावे, मधल्या शिवणीच्या बाजूला खालच्या अंगास व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने छिद्र पाडावे, दोन तोंडांची नळी घालून पाणी वाहू द्यावे आणि मग नळी काढून स्थगिका नावाचा बंध बांधावा, असा तो विधी आहे. शिवणीवर छेद घेऊ नये ही सूचना वाचताना जाणवते की हे सांगणाऱ्याने ते काम स्वतःच्या हातांनी केले होते. उणीव एकच होती. नुसते पाणी काढले तर ते पुन्हा भरते. ज्या पिशवीतून ते पाझरते तिचा बंदोबस्त होण्यास अजून बराच काळ जायचा होता.

लंडनमधील एक शनिवार

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे प्रचंड वाढलेल्या वृषणकोशाची, शस्त्रक्रिया ही मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत जवळजवळ मृत्यूला निमंत्रणच होती. त्या इतिहासातील एक करुण प्रसंग १८३१ सालचा आहे. हू लू हा कँटन परिसरातील बत्तीस वर्षांचा चिनी मजूर अशा गाठीने जखडून गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या तेथील शल्यचिकित्सकाने त्याला जहाजाने लंडनला, गायज हॉस्पिटलमध्ये पाठवले. दिनांक ९ एप्रिल रोजी शस्त्रक्रिया ठरली. ती पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटली की नेहमीची जागा सोडून मोठ्या सभागृहात जावे लागले. सुमारे ६८० प्रेक्षक जमल्याची नोंद आहे.

तेव्हा भूल देण्याची कला ज्ञात नव्हती. अॅस्टन की या नामवंत शल्यचिकित्सकाचा बेत असा होता की रोगट भाग काढावा, परंतु आतील इंद्रिये वाचवून निरोगी कातडीने झाकावीत. आज आपण जिला पुनर्रचनेची शस्त्रक्रिया म्हणतो तिचीच ही कल्पना होती. परंतु काम लांबत गेले, रोगी खचत गेला आणि इंद्रिये वाचवण्याचा विचार मध्येच सोडून द्यावा लागला. एक तास चव्वेचाळीस मिनिटांनी ५६ पौंडांची, म्हणजे सुमारे २५ किलोंची गाठ वेगळी झाली. एका विद्यार्थ्याचे रक्त त्याच्या शिरेत घालून पाहण्यात आले. पण हू लू वाचला नाही. परक्या देशात, परक्या भाषेच्या शेकडो लोकांसमोर, जी जागा माणूस आयुष्यभर झाकून ठेवतो ती उघडी टाकून तो गेला. त्याने दाखवलेल्या धैर्याची वाखाणणी समकालीनांनी केली. अशा शस्त्रक्रियेचा असा जाहीर देखावा करावा काय, अशी टीकाही त्या वेळी झाली.

हुगळीचा कैदी

चौदा वर्षांनी ही कथा बंगालमध्ये येते. हुगळी येथे जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शल्यचिकित्सक होता. बंगालच्या दमट खालच्या प्रदेशात अंडवृद्धीचे व हत्तीरोगाचे रुग्ण इतके होते की कोणत्याही रुग्णालयाला ते चुकत नसत. पाणी काढल्यावर ते पुन्हा भरू नये म्हणून पिशवीत दाहक द्रव घालण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. कलकत्त्यात रॅनल्ड मार्टिन यांनी त्यासाठी आयोडीन वापरण्यास सुरुवात केली होती. पद्धत उपयुक्त, पण वेदना भयंकर.

४ एप्रिल १८४५ रोजी माधव कौरा नावाचा एक शिक्षा भोगणारा कैदी दोन्ही बाजूंच्या अंडवृद्धीसाठी एस्डेलपुढे आणण्यात आला. एका बाजूचा उपचार झाल्यावर तो वेदनांनी कळवळू लागला. युरोपात तेव्हा गाजत असलेल्या मेस्मेरिझमविषयी, म्हणजे हातवारे करून गुंगी आणण्याच्या विद्येविषयी, एस्डेलने केवळ वाचले होते. त्याने ती त्या कैद्यावर करून पाहिली आणि कैदी गाढ गुंगीत गेला. दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया पुढे काही दिवसांनी अशाच गुंगीत झाली. त्यानंतर एस्डेलने शेकडो शस्त्रक्रिया या रीतीने केल्या. त्यांत वृषणकोशाच्या मोठ्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियाच पुष्कळ होत्या. १८४६ साली सरकारने नेमलेल्या समितीने त्याचे काम तपासले आणि त्याला कलकत्त्यात प्रायोगिक रुग्णालय चालवू दिले. वृषणकोशाच्या १६१ शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ५ एवढेच राहिले, असा दावा त्याच्या नोंदींच्या आधारे केला जातो. पूर्वी अशा शस्त्रक्रियांत निम्मे रोगी दगावत असत.

मेस्मेरिझमची उपपत्ती शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाली, १८४७ साली ती कलकत्त्यात पोहोचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरोहून क्लोरोफॉर्मचा शोध जाहीर झाला. हातवाऱ्यांची गरज संपली. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वेदना थांबल्यावर शल्यचिकित्सकाला घाई करावी लागत नाही, आणि घाई नसली तर कापण्याबरोबर वाचवण्याचाही विचार करता येतो. हू लूच्या वेळी जे साधले नाही ते साधण्याची पहिली अट पूर्ण झाली.

दुसरी अट स्वच्छतेची होती. जखम पिकून रक्तात विष भिनल्याने शस्त्रक्रियेनंतर कित्येक रोगी जात. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक पद्धती मांडली आणि हळूहळू चित्र पालटले. १९०१ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजचे हॅवलॉक चार्ल्स यांनी जननेंद्रियांच्या हत्तीरोगावरील सलग १४० यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या सर्वोत्तम रुग्णालयात जे एकदा जमले नव्हते, ते आता भारतात एकशेचाळीस वेळा लागोपाठ जमले होते.

डासाचा अपराध

दरम्यान शापाच्या समजुतीचा आधारही ढासळत होता. १८६३ साली पॅरिसमध्ये दमार्के यांना क्युबातून आलेल्या रोग्याच्या अंडवृद्धीच्या पाण्यात सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ साली ब्राझीलमध्ये वुखरर यांना रोग्याच्या मूत्रात, तर १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुइस यांना माणसाच्या रक्तात तेच आढळले. १८७६ साली ऑस्ट्रेलियात जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी सापडला. 'वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी' हे या जंतूचे नाव त्यांतील दोघांवरून पडले आहे.

तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय बंदरात १८७७ साली सोडवण्यास सुरुवात केली. त्यांच्याकडे काम करणारा हिन लो हा स्वतः या जंतूने बाधित होता. तो रात्री डास सोडलेल्या खोलीत झोपला आणि त्याचे रक्त प्यालेल्या डासांच्या शरीरात कृमींची वाढ होताना मॅन्सनना दिसली. डास चावताना कृमी माणसात शिरतात, हे १९०० साली जॉर्ज लो यांनी डासाच्या सोंडेत कृमी दाखवून निश्चित केले. आपल्याकडे गटारांत आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हे काम करतो. टोमे पिरेशला लोकांनी पाणी हे कारण सांगितले होते. ते पिण्याचे पाणी नव्हते, डासांच्या अळ्या वाढवणारे पाणी होते.

शास्त्राने आणखी एक भेद दाखवला. केरळच्या काही भागांत ब्रुजिया नावाचा दुसरा जंतू आढळतो. तो गुडघ्याखालचा पाय सुजवतो, वृषणकोशाला सहसा बाधत नाही. लिन्शोटेनने केलेले पायाचे वर्णन आजच्या वाचकाला म्हणूनच परिचित वाटते. बॅन्क्रॉफ्टचा जंतू मात्र वृषणाशी जोडलेल्या लसिकावाहिन्यांत घर करतो. १९९४ साली ब्राझीलमधील रेसिफे येथे संशोधकांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तेथे वळवळणारे जिवंत कृमी दाखवले. पूर्वजांचे पाप म्हणून जे शतकानुशतके सांगितले गेले, ते असे पडद्यावर हलताना दिसले.

गाडलेले परंतु जिवंत

आता पुनर्रचनेकडे वळू. या शस्त्रक्रियेचा पाया एका आश्चर्यकारक वस्तुस्थितीवर उभा आहे. वृषणकोश कितीही वाढला तरी त्याच्या पोटात वृषण बहुधा शाबूत असतात. पुरुषेंद्रिय त्या वाढीत गाडले जाते, बाहेर केवळ एक छिद्र दिसते. परंतु आत ते बहुधा निरोगीच असते. रोग असतो तो आवरणात. तेव्हा शल्यचिकित्सकाचे काम तोडण्याचे नसून शोधून काढण्याचे आहे.

तो आधी त्या छिद्राच्या मार्गाने जाऊन इंद्रिय मोकळे करतो. मग दोन्ही वृषण त्यांच्या रक्तवाहिन्यांसह जपून बाहेर घेतो. नंतर रोगट कातडी व ऊती काढून टाकतो. जांघेजवळची आणि मागील बाजूची कातडी पुष्कळदा बरी राहिलेली असते. ती ओढून, जोडून नवा कोश शिवला जातो. इंद्रियावर त्याच्याच अग्रभागीच्या त्वचेचा आतला निरोगी पदर उलटवून घेतात, किंवा मांडीवरून काढलेल्या पातळ कातडीचे कलम लावतात. त्वचेच्या कलमाची कला रेव्हर्दें यांनी १८६९ साली आणि टिर्श यांनी १८७४ साली पुढे नेली नसती, तर ही शेवटची पायरी शक्य झाली नसती. नवा कोश शिवण्याइतकी कातडी उरलीच नसेल तर वृषण मांडीच्या कातडीखाली खिसे करून तेथे सुरक्षित ठेवतात.

साध्या अंडवृद्धीची शस्त्रक्रिया याहून पुष्कळ सोपी. विंकलमान यांनी १८९८ साली आणि झाबुले यांनी १९०२ साली पाझरणारी पिशवी उघडून उलटवून शिवण्याची रीत सांगितली. १९६४ साली लॉर्ड यांनी पिशवीला चुण्या घालून ती आवळण्याची कमी रक्तस्रावाची पद्धत दिली. हत्तीरोगामुळे झालेल्या अंडवृद्धीत पुष्कळदा ती पिशवीच काढून टाकतात. सुश्रुतांच्या नळीने जे पाणी वर्षभरात पुन्हा भरले असते, ते आता सहसा भरत नाही.

हत्तीरोगासाठी घडलेली ही विद्या इतर रोग्यांच्याही कामी आली. फ्रेंच वैद्य फूर्निये यांनी १८८३ साली वर्णन केलेल्या कोथात वृषणकोशाची कातडी अवघ्या काही दिवसांत सडून जाते. मधुमेहींना याचा धोका अधिक. जीव वाचल्यावर त्या रोग्यांसाठीही हेच मांडीचे खिसे आणि हीच कातडीची कलमे वापरली जातात.

आपल्या दाराशी

हा सारा इतिहास दूरचा वाटू नये. जगात हत्तीरोगाच्या जंतूमुळे अंडवृद्धी झालेले पुरुष सुमारे अडीच कोटी असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत दरवर्षी घरोघर सामुदायिक औषधवाटप होऊ लागले. महाराष्ट्रात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या विदर्भातील जिल्ह्यांना या रोगाचा जुना परिचय आहे. २०२७ सालापर्यंत हत्तीरोगाचे दूरीकरण करण्याचे उद्दिष्ट देशाने ठरवले आहे.

परंतु या औषधांची मर्यादा समजून घेतली पाहिजे. ती रक्तातील सूक्ष्म कृमी नष्ट करतात आणि त्यामुळे रोगाचा प्रसार थांबतो. आधीच आलेली मोठी सूज गोळ्यांनी ओसरत नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते. अंडवृद्धीची ही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत मोफत करून देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पैशाची अडचण म्हणावी तितकी मोठी उरलेली नाही. मोठी उरली आहे ती लाज. आणि लाजेवर उपाय रुग्णालयात होत नाही, तो घरातच करावा लागतो.

या इतिहासात शल्यचिकित्सकांची नावे त्यांच्या शस्त्रक्रियांना मिळाली, संशोधकांची नावे जंतूला मिळाली. परंतु ज्यांच्या देहांवर हे ज्ञान उभे राहिले त्यांतले एकजण मजूर होता, एकजण कैदी आणि एकजण नोकर. हू लू, माधव कौरा आणि हिन लो यांच्यापैकी एकही आपल्या धर्माचा होता असे दिसत नाही. तरी परदुःखनिवारणासाठी त्यांनी जाणता-अजाणता जे सोसले, त्याचे ऋण आपल्यावरही आहे. येत्या नोव्हेंबरात मृतांचे स्मरण करताना या तिघांसाठीही एक प्रार्थना करावी, असे आम्हांला वाटते. आणि आपल्या धर्मग्रामात कोणी मागच्या बाकावर एकटाच बसू लागला असेल, तर त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला जवळ बसवून एकच गोष्ट सांगावी: हा शाप नाही, व्याधी आहे, उद्या सकाळी आपण दोघे मिळून दवाखान्यात जाऊ.